उन्हातला बर्फ

माझा भाचा पोकलेन चालवतो. आयटीआय झाल्यावर दोन वर्षे त्याने पुण्याच्या आसपास मिळेल ते काम केले. कधी इमारतीच्या पायाची खोदाई, कधी खडीच्या खाणीवर. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला उत्तराखंडातून रस्त्याच्या कामावर बोलावणे आले. पगार इथल्यापेक्षा बरा, राहणे-जेवण ठेकेदाराकडे. माझ्या बहिणीने चार घरची धुणीभांडी करून या पोराला वाढवले आहे. तिला आनंद झाला. तिने लोकरीची टोपी आणली, हातमोजे आणले, शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात भरली.

आणि २८ फेब्रुवारीला टीव्हीवर बातमी आली. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, माणा गावाजवळ, सीमा सडक संघटनेच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर पहाटे हिमस्खलन झाले. चोपन्न माणसे गाडली गेली. जवानांनी तीन दिवस बर्फ उपसून शेहेचाळीस जणांना जिवंत काढले. आठ जण गेले.

त्याच आठवड्यात एके रात्री बहीण आमच्या देहूरोडच्या घरी आली. चपलाही न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तू फौजेत होतास. बर्फात राहिलास. खरं सांग, पोराला पाठवू का नको?"

मी तिला खरे सांगितले. पण ते सांगताना मला आणखी एक खरे सांगावे लागले, जे मी तेहतीस वर्षे घरात कोणाला सांगितले नव्हते. तेच आज इथे लिहितो आहे. आपल्या घरातली मुले फौजेत आहेत, डोंगरातल्या रस्त्यांच्या कामावर आहेत. हल्ली चार पैसे साठले की उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली माणसे काश्मीर, मनाली, सिक्कीम पाहायलाही जातात. त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी हे वाचावे, म्हणून लिहितो.

१९९२ साली माझी पलटण काश्मिरात गुरेझ खोऱ्यात होती. बांदिपूरकडून राजदान खिंड ओलांडली की किशनगंगा नदीच्या काठाने हे खोरे लागते. लाकडी ओंडक्यांची घरे, देवदारांचे रान आणि वर सीमेवरच्या चौक्या. हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद होई. मग महिनोन् महिने आमचा जगाशी संबंध वायरलेसपुरता आणि आंतर्देशीय पत्रांपुरता. पत्रावर घरचे लोक '५६ एपीओ' एवढेच लिहीत. आम्ही नेमके कुठे आहोत, हे त्यांना ठाऊक नसे आणि आम्हीही लिहीत नसू. 'येथे सर्व ठीक आहे, काळजी नसावी' हे वाक्य तर हात आपोआप लिहून जाई.

मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी गावचा. बर्फ म्हणजे लहानपणी पाहिलेला बर्फाचा गोळा, आणि नंतर सिनेमात हिरो-हिरॉईन एकमेकांच्या अंगावर फेकतात तो. बर्फ पांढरा असतो, मऊ असतो आणि थंड असतो, एवढीच माझी अक्कल. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या उस्तादांनी ती खाली उतरवली. त्यांनी आम्हाला एका उतारावर नेले, फावड्याने छातीएवढा खड्डा खणला, त्याची वरच्या अंगाची बाजू भिंतीसारखी सरळ तासली आणि म्हणाले, "पढ़ो."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. पांढऱ्या भिंतीवर वाचायचे काय? मग त्यांनी आमची बोटे त्या भिंतीवर वरून खाली फिरवायला लावली. वर कापसासारखा थर. त्याखाली काचेसारखा कडक पापुद्रा. मग घट्ट थर, त्यात मूठही शिरेना. पुन्हा मऊ. आणि अगदी तळाला, जमिनीला लागून, खडीसाखर कुटल्यासारखा रवाळ बर्फ. मुठीत घेतला तर गोळा होईना, बोटांच्या फटींतून गळून गेला.

तेव्हा कळले की डोंगरावरचा बर्फ हा एक ढीग नसतो. ती चपात्यांची चळत असते. दर वेळी बर्फ पडतो, वारा त्याला दाबतो, ऊन त्याला वितळवते, रात्र त्याला गोठवते आणि एकेक थर तयार होतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पहिला बर्फ पातळ पडतो. त्याच्या खालची जमीन त्यामानाने उबदार आणि वरची हवा शून्याखाली दहा-वीस अंश. मग खालची वाफ बर्फातून वर सरकते, जाता जाता दाण्यांवर जमते आणि हळूहळू सगळा थर सुट्या रव्याचा होतो. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर माणूसभर बर्फ साचतो. वरून सगळे भरभक्कम दिसते. पण ती भिंत उभी असते साखरेच्या पायावर. तिरक्या पत्र्यावर ज्वारी पसरा आणि त्यावर फरशी ठेवा. फरशी थोडा वेळ राहील. मग कोणीतरी बोट लावेल, किंवा आणखी एक फरशी ठेवेल, आणि सगळे एकदम खाली येईल. हिमस्खलन म्हणतात ते हेच. फौजेत आम्ही त्याला एव्हलांच म्हणायचो.

आमच्यातला एक जण म्हणाला, "पहाड कोपतो." उस्ताद म्हणाले, "पहाड को ग़ुस्सा नहीं आता. उस पर वज़न आता है." ते वाक्य मला आजही पाठ आहे. ज्याला कारण आहे, ते माणसाला पाहता येते. आणि जे पाहता येते, त्यापासून जपता येते.

कारणे तशी फार नाहीत. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला की धोका सर्वात जास्त. त्याहून सपाट उतारावर बर्फ सहसा सुटत नाही, आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. म्हणजे चालायला, रस्ता काढायला माणसाला जो उतार 'जमण्यासारखा' वाटतो, नेमका तोच घातक. आणि आपण सपाटीवर उभे असलो म्हणून निर्धास्त राहायचे नाही, कारण वरच्या उतारावरचा लोट सपाटीवर येऊनच थांबतो.

हिवाळ्यात नवा बर्फ जोरात पडला की पुढचे एक-दोन दिवस कोणी हलत नसे. ही भीती सगळ्यांनाच होती. पण मार्च-एप्रिल आला, आभाळ निळे झाले, ऊन पडले की माणसे सैल होतात. आम्हीही झालो. कानटोप्या निघाल्या. बुखारीपाशी बसणारे बाहेर उन्हात बसू लागले. संकट सरले असे वाटू लागले. खरे तर दुसरे संकट तेव्हा सुरू होते.

वसंतातले ऊन वरचा बर्फ वितळवते. ते पाणी थराथरांतून खाली झिरपते. कडक पापुद्र्यावर साठते, रवाळ थराला भिजवते. ज्या बारीक टाक्यांनी दाणे एकमेकांना धरून असतात, ते टाके सुटतात. ओल्या भिंतीवरचा गिलावा जसा एकदम फुगून पडतो, तसा मग सगळा उतार सुटतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर हे पाणी पुन्हा गोठते आणि पहाटे बर्फ सिमेंटसारखा कडक होतो. म्हणून वसंतात डोंगरातली माणसे पहाटे तीन-चारला निघतात आणि ऊन चढायच्या आत धोक्याची जागा ओलांडून जातात. पण रात्री ढग असतील तर ढगांची गोधडी बर्फाची ऊब जाऊ देत नाही. बर्फ गोठत नाही. अशी सकाळ दुपारइतकीच वाईट.

हे सगळे मला ठाऊक होते. परीक्षेत विचारले असते तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. तरीही जे झाले ते झाले.

त्या जानेवारीत मला मुलगी झाली होती. पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस हातात पडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझी रजा मंजूर झाली. चौदा एप्रिलला गावी पोहोचायचे, लेकीला नवे झबले घालून जयंतीच्या मिरवणुकीत खांद्याशी धरून चालायचे, असे मी मनात शंभरदा रंगवले होते. चौकी बारा हजार फुटांच्या आसपास. तिथून खालच्या तळावर उतरायला तीन-चार तास. वाटेत एक नाला लागे, साठ-सत्तर पावलांचा. त्याच्या वर पूर्वेकडे तोंड केलेला मोठा उघडा उतार. सकाळचे पहिले ऊन त्यावरच पडे. नाला उन्हाच्या आत ओलांडायचा, असा हुकूम होता.

आम्ही पाच जण निघालो. मी नायक, पार्टीचा प्रमुख. बरोबर तीन जवान आणि वाट दाखवायला खोऱ्यातला एक म्हातारा हमाल. त्याला आम्ही चाचा म्हणायचो. जवानांत सर्वात लहान होता तो यवतमाळकडचा, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. तो सगळ्यांची पत्रे लिहून द्यायचा, वाचून दाखवायचा, म्हणून त्याचे नाव पडले होते मास्तर. त्या दिवशीही चौकीवरच्या सगळ्यांची पत्रे त्याच्याच पिट्ठूत होती.

निघायला उशीर झाला. कोणी चिठ्ठी देत होते, कोणी पैसे देत होते, कोणी 'माझ्या घरी जाऊन ये' म्हणत होते. रात्रभर आभाळ होते, ते पहाटे फाटले. नाल्याशी पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि वरचा उतार उन्हात नुसता चमकत होता. वाटेत पाय घोट्याच्या वर रुतत होते. उतारावरून लिंबाएवढे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत खाली येत होते, आणि येता येता नारळाएवढे होत होते. चाचाने आपली काठी बर्फात खुपसली. ती लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. तो म्हणाला, "नायक साहब, रात को जमा नहीं. आज छोड़ दो. कल सुबह चलेंगे."

उद्या म्हणजे माझी खालची गाडी चुकणार. गाडी चुकली म्हणजे पुढची केव्हा, त्याचा नेम नाही. मी म्हणालो, "चाचा, पूरा सर्दी हम यहीं से गए हैं. कुछ हुआ?"

मित्रहो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. इतके दिवस काही झाले नाही म्हणून आजही होणार नाही, हा हिशेब बर्फात सर्वात खोटा. काल जो उतार उभा होता तो कालच्या बर्फाने उभा होता. आजचा बर्फ वेगळा असतो.

चाचा बाजूला बसला. तो म्हणाला, मी नाही येत. मी बाकीच्यांना तयारी करायला लावली. पिट्ठूचा कमरपट्टा सैल, रायफलची दोरी सुटी, काठीचा फासा मनगटातून बाहेर, म्हणजे वेळ आली तर ओझे फेकता यावे. प्रत्येकाच्या कमरेला लाल रंगाची लांब हलकी दोरी. माणूस गाडला गेला तरी ती वर तरंगत राहण्याचा संभव असतो. आणि एका वेळी एकानेच जायचे. नियम सगळे पाळले. फक्त जायचे की नाही, हा पहिला नियम मोडला.

मी आधी गेलो. पार झालो. दुसरा आला, तिसरा आला. मी पलीकडून हसून हात हलवला. चौथा मास्तर. तो मध्यावर होता तेव्हा पायाखाली 'धप्प' असा आवाज आला, मोठी कणगी जमिनीत बसावी तसा. वर उतारावर एक काळी रेघ उमटली. मग सगळा उतार हलला. ओला बर्फ सुक्यासारखा उडत येत नाही. तो घरघरत येतो, ओल्या काँक्रीटसारखा. मास्तरने ओझे फेकले, हात मारले आणि दिसेनासा झाला.

लोट थांबला आणि मी धावलो. कुठेही, वेड्यासारखा. चाचा धावला नाही. त्याने मास्तर शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवली होती. तो सरळ तिथे आला, तिथे काठी रोवली आणि तिच्या खालच्या अंगाला बोट दाखवले. तिथे वीतभर लाल दोरी दिसत होती.

आम्ही दोरी धरून खणू लागलो. एक फावडे होते, बाकी हात आणि मेसटिन. तुम्हाला वाटेल बर्फ म्हणजे मऊ. सुटलेला बर्फ थांबला की क्षणात दगडासारखा बसतो. माणसाला करंगळी हलवता येत नाही. लांबी, रुंदी, उंची एक-एक मीटर एवढा तो बर्फ चार-पाच क्विंटल भरतो. म्हणजे छातीवर ज्वारीची चार-पाच पोती. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसे बहुतेक जगतात. अर्धा तास उलटला की जगणारे थोडेच. खाली गाडलेला माणूस थंडीने नव्हे, श्वासाने मरतो.

मास्तर तीन-चार फूट खाली सापडला. चेहरा निळा. तोंडात बर्फ. तो बोटाने काढला, तोंडाला तोंड लावून हवा भरली. किती मिनिटे झाली ते मला ठाऊक नाही, दहाच्या आसपास असतील. त्याने श्वास घेतला तेव्हा चाचा खाली बसला आणि रडू लागला. मास्तरचा एक पाय मांडीत मोडला होता. पिट्ठू मिळाला नाही. पत्रे गेली. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेले.

मी मे महिन्यात घरी आलो. बायकोने विचारले, जयंतीला का आला नाही? मी म्हणालो, रस्ता बंद होता.

हे सगळे त्या रात्री मी बहिणीला सांगितले. बायको ओट्यापाशी उभी होती. मुलगी माहेरपणाला आलेली होती. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, माझ्यासाठी घाई केली होती?" मी म्हणालो, "तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी." बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "त्या पोराच्या आईला तुम्ही कळवलं होतं का, की माझ्या सांगण्यानं गेला म्हणून?"

नव्हते कळवले. इस्पितळातून त्याचे एक पत्र आले होते. त्याला मी 'लवकर बरा हो' एवढेच उत्तर लिहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या सोबत्यांना फोन लावले. आठवड्याने नंबर मिळाला. मास्तर आता साठीकडे झुकला आहे, गावी शेती पाहतो, थोडा लंगडतो. आई केव्हाच गेली. मी जे बोलायचे ते बोललो. पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "उस्ताद, नाल्यात पाय टाकायच्या आधी मीबी काठी खुपसून पाह्यली होती. सरळ आत गेली होती. पण तुम्ही पलीकडे उभे होते, हात दाखवत होते. मी काय बोलू?"

या एका वाक्याने मला जेवढे शिकवले, तेवढे सगळ्या ट्रेनिंगने शिकवले नाही. बर्फ कसा असतो ते त्या पार्टीत दोघांना कळले होते. एक हमाल आणि एक सर्वात लहान जवान. ज्यांना कळले त्यांच्या शब्दाला वजन नव्हते, आणि ज्याच्या शब्दाला वजन होते त्याला घाई होती. चाचा निदान बाजूला बसू शकला. मास्तरला तेवढीही मुभा नव्हती.

पुढच्या काळातल्या बातम्या मी अशाच नजरेने वाचतो. २३ एप्रिल २०२१ ला चमोली जिल्ह्यातच, सुमनाजवळ, रस्त्याच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. लष्कराने तीनशेऐंशीच्या वर लोक सुखरूप काढले, तरी दहाहून अधिक मजूर मेले. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू ला खिंडीच्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास लोट आला. बर्फात खेळायला उतरलेले सात पर्यटक गेले. आणि बर्फ सरहद्द ओळखत नाही. ७ एप्रिल २०१२ ला पलीकडे गयारी येथे पाकिस्तानी फौजेचा अख्खा तळ गाडला गेला, एकशेचाळीस माणसांसह. तारखा पाहा. एप्रिल, एप्रिल, एप्रिल. आपल्याकडे पंखे सुरू होतात तेव्हा तिकडे हे घडत असते.

कोणी म्हणेल, सियाचीनवर २०१६ च्या फेब्रुवारीत लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले होते. खरे आहे, सगळ्या देशाने ते पाहिले. पण ते तंबूत अडकले होते, श्वासापुरती पोकळी राहिली होती, आणि तेही ११ फेब्रुवारीला गेले. माणालाही पुष्कळ जण वाचले ते लोखंडी कंटेनरमध्ये हवा होती म्हणून. अपवादावर कोणी आपले पोर पाठवू नये.

या देशात बर्फाचा अभ्यास होत नाही असे नाही. त्यासाठी १९६९ साली मनालीला संस्था निघाली. २०२० मध्ये ती चंदीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत सामावली. ही संस्था डोंगरी जिल्ह्यांसाठी इशारे देते. माणाच्या अपघाताच्या आदल्या दिवशीही चमोलीसाठी इशारा निघाला होता. इशारा कागदावर निघतो. तो छावणीतल्या शेवटच्या कंटेनरपर्यंत पोहोचला आणि त्यावर काम थांबले, तर उपयोग.

बहिणीला मी जाऊ दे म्हणालो. भीतीपोटी कामे सोडू लागलो तर आपल्या घरांत चूल पेटणार नाही. पण भाच्याला समोर बसवून मी त्याच्याकडून वहीत लिहून घेतले.

झोपायची जागा आधी बघ. डोंगराच्या अंगावर झाडांच्या रानात वरपासून खालपर्यंत उघडा पट्टा दिसला, किंवा झाडे एकाच दिशेने मोडलेली दिसली, तर ती बर्फाची जुनी वाट समज. त्या वाटेच्या तोंडाशी कंटेनर असेल तर मुकादमाला सांग, दोघे-चौघे मिळून सांगा. रोज संध्याकाळी इशारा विचार, आणि रात्री आभाळ होते की तारे होते ते सकाळी आठव. जोराचा बर्फ पडून नंतर पहिले ऊन पडते तो दिवस सर्वात वाईट. बर्फावर पाऊस पडला तरी तेच. उतारावरून गोळे घरंगळत असतील, पाय खोल रुतत असेल, बर्फाखाली पाण्याचा आवाज येत असेल, जमीन 'धप्प' करत असेल, तडा जात असेल, शेजारचा उतार सुटला असेल, तर पुढे जायचे नाही. सकाळी पूर्वेकडचा उतार तापतो, दुपारी दक्षिणेकडचा, मग पश्चिमेकडचा. मशीन बर्फाच्या पायथ्याशी लावून खालून पोखरायचे म्हणजे फरशीखालची ज्वारी काढणे. असे काम असेल तर वर पाहायला एक माणूस ठेवायला सांग. कोणी गाडला गेला तर पळू नको. आधी डोळ्यांनी जागा धर, मग खण. स्वतः सापडलास तर हात मार, आणि लोट थांबायच्या आत हात तोंडापुढे आण.

शेवटी एक ओळ मी स्वतः लिहिली. 'सर्वात लहान माणसाला काही खटकले, तर सगळ्यांनी थांबायचे.'

तो म्हणाला, "मामा, मी तिथं सगळ्यात लहान असणार. माझं कोण ऐकणार?"

"म्हणूनच लिहिलंय," मी म्हणालो.

मार्चच्या मध्यावर तो गेला. एप्रिलमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. दुपारी एक वाजता मुकादमाने एका वळणावर साचलेला बर्फ काढायला सांगितले होते. वर उघडा उतार, कडक ऊन. याने सळई खुपसून पाहिली, ती सरळ आत गेली. हा म्हणाला, आत्ता नाही, उद्या पहाटे काढतो. मुकादम चिडला. दुसऱ्या ऑपरेटरकडून काम करून घेतले.

"मग?" मी विचारले. माझा घसा कोरडा पडला होता.

"मग काही नाही. झालं काम. उतार सुटलाच नाही. सगळे हसले मला. आणि आजची हजेरी मांडली नाही."

मी म्हणालो, "हे बघ, आम्हीही तिघे पार झालो होतो. उतार सुटला नाही म्हणजे तू चुकलास असं नाही. उद्या पहाटे कामावर जा. आणि पुन्हा सळई आत गेली तर पुन्हा नाही म्हण."

फोन ठेवला. बायको जवळच बसून ऐकत होती. तिने डब्यातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "एका दिवसाची हजेरी किती असते तिकडं? उद्या त्याच्या खात्यावर टाकून या."